अंड्यासाठी वर्गणी

आठवड्याला एक अंडं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराला सरकारने कबूल केलं होतं ते एवढंच, आणि तेही वर्ष-सव्वा वर्षात काढून घेतलं.

नोव्हेंबर 2023 मध्ये निर्णय झाला. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळी, एका अंड्याला 5 रुपये. जानेवारी 2025 मध्ये दुसरा निर्णय आला. अंडा पुलाव आणि खीर, नाचणी सत्त्व हे पदार्थ ऐच्छिक झाले. अंड्याला आणि साखरेला वेगळा निधी नाही. द्यायचं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून पैसे उभे करावेत.

कोणत्या लोकांच्या सहभागातून? दर्यापूर, तेल्हारा, मूर्तिजापूर, अमरावती-अकोल्यातल्या कोणत्याही तालुक्यातल्या झेडपीच्या शाळेत जाऊन हजेरीपट बघा. ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत त्याचं पोर केव्हाच कॉन्व्हेंटच्या पिवळ्या गाडीत बसून तालुक्याला गेलं. मागे राहिली ती मजुरांची आणि दोन-तीन एकरवाल्यांची लेकरं. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, आणि बाजार समितीत कितीतरी शेतकरी त्याहून खाली विकून आले. त्याच बापाच्या दारात आता समितीने पावतीपुस्तक घेऊन उभं राहायचं.

कुणी म्हणेल, वऱ्हाडात वर्गणीचं काय नवल? गाडगेबाबांनी धर्मशाळा लोकवर्गणीतूनच उभ्या केल्या. केल्या ना. पण बाबांकडे तिजोरी नव्हती आणि कर वसूल करायचा अधिकारही नव्हता. ज्याच्याकडे होतं त्याच्याकडून घेऊन त्यांनी नसलेल्याच्या मुखात घातलं. याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस, आणि त्यांच्या दशसूत्रीतलं पहिलं कलम भुकेलेल्याला अन्न हे आहे. त्यांचं नाव विद्यापीठाला दिलंत, तर पहिलं कलम तरी सरकारी खर्चाने चालवा.

शिवाय ही मेहेरबानी नव्हेच. 1995 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा 80 टक्के हजेरी असलेल्या पोराला महिन्याला 3 किलो कोरडा तांदूळ मिळायचा. भाकरी खाणाऱ्या घरात तो तांदूळ सगळ्या कुटुंबात वाटला जायचा, पोराच्या वाट्याला किती यायचा ते त्या माउलीलाच ठाऊक. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की शाळेत शिजवलेलं अन्नच द्या. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने तर हे जेवण विनामूल्य म्हणून लिहून ठेवलं. कायदा विनामूल्य म्हणतो आणि शासन निर्णय वर्गणी मागा म्हणतो, हे एका राज्यात एकाच वेळी चालू शकत नाही.

आता जरा चुलीपाशी चला. पहिली ते पाचवीच्या साठ पोरांची शाळा धरा. माणशी 100 ग्रॅम तांदूळ, म्हणजे 6 किलो. डाळ 20 ग्रॅमप्रमाणे सव्वा किलोच्या आत. भाजी 3 किलो. तेल 300 ग्रॅम. तांदूळ केंद्राचा. बाकी सगळ्याला, म्हणजे डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि गॅस, मे 2025 पासूनचा दर पोरामागे 6 रुपये 78 पैसे. साठ पोरांचे 406 रुपये 80 पैसे. टमाटे स्वस्त असतील आणि पैसे वेळेवर आले तर हा हिशेब बसतो, ते मान्य. पण भाजीचे आणि गॅसचे पैसे महिनोन् महिने येत नाहीत. तोवर मुख्याध्यापक गावातल्या किराणावाल्याकडे स्वतःच्या नावावर उधारी करतात. सरकारी योजना मास्तरची पत वापरून चालते. ज्या महिन्यात ती पत संपते, त्या महिन्यात वरण पातळ होतं आणि भाजीत नुसता बटाटा दिसतो.

या जेवणातून लहान पोराला 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं सरकारचंच प्रमाण आहे. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतात. अर्धं काम एका अंड्यात होतं. ते निवडावं लागत नाही, त्यात पाणी घालता येत नाही, आणि पोराच्या हातात पडलं की नाही हे दारात उभ्या असलेल्या आईलाही दिसतं. तामिळनाडू शाळेच्या पाचही दिवशी अंडं देतो. महाराष्ट्राला आठवड्याचं एक जड झालं.

मेळघाटात तर याहून वाईट आहे. धारणी-चिखलदऱ्यातल्या बालमृत्यूंवरून 1993 मध्ये गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हापासून किती मंत्र्यांच्या गाड्या सेमाडोहचा घाट चढून गेल्या. त्यातून निघालेली एक चांगली गोष्ट म्हणजे अमृत आहार योजना. गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं चौरस जेवण, आणि सात महिने ते सहा वर्षांच्या बालकाला आठवड्यातून चार वेळा अंडं किंवा केळी. म्हणजे अंड्याने काय होतं हे सरकारला पक्कं माहीत आहे. पण कोरकू पोराला सहा वर्षं पूर्ण झाली, ते अंगणवाडीतून उठून पहिलीच्या वर्गात बसलं, की अंडं बंद. पाटी हातात आली आणि अंडं गेलं. वाढत्या पोराची भूक पहिलीत कमी होते, असं कोणत्या डॉक्टरने सांगितलं?

दिवाळीनंतर हीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि खालच्या मुलखात मजुरीला उतरतात. पोरं बरोबर जातात. पटावर नाव मेळघाटात राहतं, पोर अकोटच्या रानात असतं, आणि त्याचं जेवण दोन्हीकडे नसतं.

आणि जी हे सगळं शिजवते ती बाई? सकाळी येऊन तांदूळ निवडते, पाणी भरते, फोडणी देते, पोरांच्या आधी मास्तरला चव घ्यायला देते, वाढते, भांडी घासते. महिन्याचं मानधन 2500 रुपये, तेही वर्षाचे 10 महिने. दिवसाला शंभर रुपयांच्या आसपास. 2025-26 साठी रोजगार हमीचा राज्यातला दर 312 रुपये आहे. खड्डा खणणाऱ्या हातापेक्षा साठ लेकरांना जेवू घालणारा हात तीनपटीने स्वस्त ठरवला आहे, आणि मे महिन्यात त्या हाताला काहीच नाही. त्यांतल्या कितीतरी विधवा आहेत, कितीतरी दलित आणि आदिवासी. दलित-आदिवासींना या कामात प्राधान्य द्या असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सांगितलं होतं. प्राधान्य मिळालं, पोटापुरतं दिलं नाही.

खरेदीचंही तसंच. अकोल्याच्या बाजारात तूर उतरते, अकोल्याच्याच मिलांत तिची डाळ होते, आणि शेजारच्या गावातल्या शाळेला डाळ मिळते ती राज्य पातळीवरच्या निविदेतून, ठेकेदाराच्या गाडीने, त्याच्या सवडीने. भाव पडला की वरुड-मोर्शीकडे संत्री रस्त्यावर ओतावी लागतात. अकोट-अंजनगाव पट्ट्यात केळी आहे. ज्वारी तर घरची. जिल्ह्याला जिल्ह्यात खरेदी करू द्या. शेतकऱ्याला एक खात्रीचं गिऱ्हाईक मिळेल आणि पोराला ओळखीचं अन्न. कृषी विद्यापीठ अकोल्यातच आहे, कोणत्या महिन्यात काय द्यायचं ते सांगायला माणसं बाहेरून आणावी लागणार नाहीत.

अमरावतीचे 8 आणि अकोल्याचे 5, दोन्ही जिल्ह्यांत मिळून 13 आमदार आहेत. येत्या अधिवेशनात त्यांच्यातल्या एकाने तरी उभं राहावं. अंड्याचे पैसे शाळेच्या खात्यात कोणत्या तारखेला जमा होणार, आणि स्वयंपाकीण बाईला बारा महिन्यांचं मानधन कधीपासून, एवढंच विचारावं. मंत्र्यांकडून तारीख घेतल्याशिवाय खाली बसू नये.