मशीद स्टेशन ते भेंडीबाजार: खवय्यांसाठी नियमावली

सदर भागात उपाशीपोटी यावे. घरून डबा आणणाऱ्यांनी ही नियमावली इथेच मिटावी.

मशीद स्टेशनावर उतरल्यावर नावातली मशीद शोधू नये. हे नाव पडले ते ज्यूंच्या सिनेगॉगवरून. 1796 साली ते उभारणारे सॅम्युएल दिवेकर हे बेने इस्रायली, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू, आणि लोक त्या सिनेगॉगला म्हणत ‘जुनी मशीद’. तेव्हा इथे कोण कुणाचा, या भानगडीत पडू नये. पडणाऱ्यास हातगाडी आडवी येते.

हातगाडीविषयी सविस्तर. मागून ‘बाजूऽऽ’ अशी आरोळी आल्यास मागे वळून पाहू नये. आधी सरकावे, मग पाहावे. गाडीवर कापडाचे गठ्ठे असतात, ब्रेक नसतो. हा नियम धर्म, भाषा, हुद्दा न पाहता सर्वांस सारखाच लागू आहे. संविधानानंतर इतकी समता फक्त इथेच.

मंगलदास मार्केटात ‘नुसतं बघतोय’ म्हणू नये. ‘लेना मत भाभी, देखो तो सही,’ म्हणत दुकानदार ठाणामागून ठाण उलगडतो, आणि मांडीएवढा ढीग झाल्यावर उठायची हिंमत होत नाही. भाव न पटल्यास चार पावले निघून जावे. हाक आली तर ठीक; न आल्यास तसेच चालत राहावे. परत फिरण्यात अब्रू जाते आणि भावही वाढतो.

चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर मटणाची चौकशी करू नये. तिथे जुनी घड्याळे आणि ग्रामोफोनचे कर्णे मिळतात. शुक्रवारी बहुतेक दुकाने बंद, म्हणून शुक्रवार टाळावा. (पाकीट सांभाळणाऱ्यांनी मात्र तोच निवडावा.)

बोहरी मोहल्ल्यात ओळख काढून घरच्या थाळावर बसता आले तर बाकी सर्व कार्यक्रम रद्द करावा. एकाच मोठ्या थाळाभोवती सगळे गोल बसतात. आधी चिमूटभर मीठ, मग गोड, मग खारे, पुन्हा गोड. आपल्या पंगतीतही पान मिठापासूनच वाढतात, हे यजमानांना सांगावे. आग्रह दुप्पट होतो. ओळख नसल्यास संच्यात हाताने फिरवलेले सीताफळ आइस्क्रीम खाऊन समाधान मानावे. ते काम इथे 1887 पासून चालू आहे, त्यामुळे घाई करू नये.

रमझानच्या रात्री मिनारा मशिदीजवळचा मालपुवा एकट्याने संपवू नये. संपवल्यास कुठे बोलू नये.

घरी खरेदीचा आकडा निम्मा सांगावा. तरीही ‘महाग पडलं’ हे ऐकावे लागेलच.