तीन राजे माळ्यावर

वसईत आमच्या घरी नाताळ दरवर्षी येतो, पण टेकत नाही. गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी रुजत घालायची आठवण मला डिसेंबर अर्धा सरल्यावर होते. ती बिचारी चार बोटं वाढेपर्यंत बाळ येशू जन्मून केकसुद्धा संपलेला असतो. नेवऱ्या करायला दोन दिवस, संपायला एक दुपार. (करणारे हात चार. खाणारी तोंडं मोजली नाहीत.)

चर्चचं कॅलेंडर त्या मानाने निवांत. तिथे आगमनकाळाचे चार रविवार नुसती वाट बघायची, 25 डिसेंबरला सण सुरू होतो आणि पूर्वेकडचे राजे पोहोचतात 6 जानेवारीला. गोव्यात रेइश मागुशच्या फेस्ताला तर मुलं राजांच्या वेषात घोड्यावरून निघतात. बाजाराला इतका धीर कुठला? नोव्हेंबरातच दारात उभा केलेला सांता 26 तारखेला गायब, त्याच्या जागी 'वर्षअखेर सेल'. बाळंतपणाआधी बारसं उरकायची ही घाई!

पण मी तरी कुठला शहाणा? चांदणी टांगताना मुलीला खांद्यावर घ्यायचो, ते अगदी परवाचं वाटतं. यंदा ती स्वतःच स्टुलावर चढली आणि म्हणाली, "पप्पा, तू नुसती वायर धर."

मी धरली. 27 तारखेला गोठाही मीच आवरला. राजे तेव्हा अजून वाटेतच होते. आता माळ्यावर आहेत, जुन्या कुलरच्या मागे, उंटासकट.