उचलून परत तिथंच

चंद्रपूरच्या जटपुरा गेटपाशी गार्डबाबू भेटले की नमस्काराआधी आकडा कळतो. "बारा झाले." बारा म्हणजे किलोमीटर. वनखात्यातली उभी नोकरी बीटावर पायी गेली. व्याघ्रगणनेत वाघ-बिबट्याच्या खुणा शोधत तीन दिवस रोज पाच किलोमीटरची वाट चालावी लागते. वाट फार लवकर संपते, हीच त्यांची त्या गणनेबद्दलची एकमेव तक्रार. वय चौसष्ट. पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे ग्राउंडवर सोळाशे मीटर पळून गुडघ्यांवर हात ठेवतात, तेव्हा गार्डबाबू शेजारून विचारतात, "झालं? आता सुरू करू का गा?"

माणसांची पारखही ते किलोमीटरांतच करतात. "जावई चांगला हाये, पण चारचा हाये."

हा माणूस सिलिंडरनं पाडला. सकाळी अठरा किलोमीटर करून आले, तर पोऱ्या भरलेला सिलिंडर दारात ठेवून गेलेला. आत गॅस चौदा किलो दोनशे ग्रॅम, वर लोखंडाचं वजन. म्हणजे तिसेक किलो. अठरा किलोमीटर चाललेला माणूस चार इंची उंबरठ्यावर अडला. शेवटी काकूंनी पदर खोचला आणि दोघांनी मिळून तो आत घेतला. काकू काही बोलल्या नाहीत. तेच लागलं.

डॉक्टरांनी सांगितलं, चालण्यानं दम टिकतो, ताकद टिकेलच असं नाही. साठीनंतर स्नायू झपाट्यानं झिजतात, त्यांना वजनच द्यावं लागतं. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. गार्डबाबूंनी तेवढंच पकडलं. "पासष्ट ना? मंग मले अजून एक वर्ष हाये."

काकूंनी ते वर्ष मंजूर केलं नाही.

जिममधला मास्तर म्हणजे त्याच ग्राउंडवरचा एक पोट्टा. त्यानं नुसता दांडा पुढे ठेवला, वीस किलोचा. दोन्ही टोकं रिकामी पाहून गार्डबाबूंना अपमान वाटला. मग दोन्हीकडे पाच-पाचच्या चकत्या चढल्या. तीस किलो! सिलिंडरच तो, फक्त आडवा.

"उचला काका. आता ठेवा. परत उचला."

"न्यायचा कुठं?"

"कुठंच नाही."

"मंग उचलला कायले?"

या प्रश्नाला जगभरच्या जिममध्ये उत्तर नसावं. त्याहून मोठी शिक्षा म्हणजे दोन सेटच्या मधली तीन मिनिटं स्वस्थ बसणं. पहिल्या दिवशी ते तेवढ्या वेळात रामाळा तलावाकडे गेले आणि चाळीस मिनिटांनी दुसऱ्या सेटला आले.

पाठ सारखी गोल व्हायची. पोट्टा ओरडायचा, "रोवणीले वाकल्यासारखं नका वाकू! कंबर मागं, छाती वर, दांडा नडगीला लागून." काही केल्या जमेना. एक दिवस गार्डबाबू मध्येच थबकले. "म्हणजे चिखलात फसलेली बंडी काढतो तसं? आधी सांगाचं ना, लेका!" टाचा रोवल्या, श्वास पोटात धरला आणि दांडा सरळ वर आला. पोट्ट्यानं त्या दिवसापासून सगळ्याच गिऱ्हाइकांना बंडी सांगायला सुरुवात केली. चंद्रपूरच्या निम्म्या पोरांनी बंडी कधी हाकलेली नाही, हा भाग वेगळा.

सहा महिन्यांत साठ किलो झाले. आता भेटले की आकडा वेगळा असतो. "दोन सिलिंडर." जावयाचं पुनर्मूल्यांकनही झालं. "चारचा असला, तरी दीड सिलिंडर उचलते."

परवा त्यांच्याकडे चहाला गेलो, तर दारात सिलिंडर आलेला. गार्डबाबूंनी चपला काढल्या, टाचा रोवल्या, कंबर मागे नेली आणि एका दमात तो उंबरठ्याच्या आत ठेवला. काकूंच्या चेहऱ्यावर कौतुक उमटतंय न उमटतंय, तोच त्यांनी तो उचलून पुन्हा बाहेर नेला.

"अजी, आता बाहेर कायले नेता?"

"थांब," गार्डबाबू खाटेवर टेकत म्हणाले, "अजून चार सेट हायेत."