पैसा हाताशी पाहिजे

प्रत्येक सोसायटीत एक तरी गृहस्थ असे असतात, ज्यांना पैसे कधी लागत नाहीत, पण ते कधीही काढता येतील याची खात्री मात्र वरचेवर करून घ्यावी लागते. आमच्या इमारतीत हे काम अण्णांकडे आहे. कोथरूडमधली जुनी इमारत, त्याहून जुनी लिफ्ट आणि दुसऱ्या मजल्यावर अण्णा. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. पेन्शन वेळेवर येते. मुलगी बंगळुरूला असते. ती मागत नाही, हे देत नाहीत, त्यामुळे बापलेकीचं उत्तम चाललंय.

अण्णांची सगळी पुंजी बचत खात्यात आहे. मोठ्या बँका तिथे अडीच टक्के व्याज देतात आणि मुदत ठेवीला सहाच्या वर, हे अण्णांना ठाऊक नाही असं नाही. व्याजदरांची कात्रणं त्यांच्याकडे फायलीत लावलेली आहेत. पण कोणी मुदत ठेवीचं नाव काढलं की ते म्हणतात, "अडचण काय तारीख सांगून येते?" ठेव आता मोबाइलवरसुद्धा मोडता येते, फार तर अर्धा-एक टक्का व्याज कमी मिळतं, असं मी एकदा समजावून पाहिलं. "ठेवी मोडणाऱ्यांची घरं मी पाहिलीत," असं म्हणून त्यांनी विषय आणि चहा दोन्ही संपवले.

बरं, इतका हाताशी ठेवलेला पैसा अण्णा काढतात का? काढतात. चाचणीपुरता.

रात्री दीड-दोनच्या सुमाराला लिफ्टचा दरवाजा वाजला तर आम्ही कोणी घाबरत नाही. अण्णा एटीएमला निघालेले असतात. अंगात स्वेटर, कानाला मफलर, हातात पिशवी. पिशवी कशाला, ते विचारायचं नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलचा रखवालदार पहिल्यांदा धावत आला होता. "काय झालं काका? कोण ॲडमिट आहे?" "कोणी नाही. अपरात्री पैसे निघतात का ते बघतोय." मशीन खडखडतं, पाचशेची एक नोट बाहेर येते, अण्णा ती दिव्याखाली धरून बघतात, पावती घडी करून चष्म्याच्या घरात ठेवतात आणि शांतपणे झोपायला जातात. सकाळी दहाला तीच नोट बँकेत परत. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच वेळा फुकट, त्यापुढे प्रत्येक वेळेला तेवीस रुपयांपर्यंत कापतात. पाचही वेळा अण्णा इमानाने वापरतात. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर मुंबईसारख्या सहा महानगरांत तीनच वेळा फुकट, इतरत्र पाच. या हिशेबात पुणं महानगरांत धरलेलं नाही. पुण्याला कोणी कमी लेखलं तर वर्तमानपत्राला पत्र धाडणारे अण्णा या एका अपमानाबद्दल कायम गप्प आहेत.

एटीएम ही गरज. अण्णांचं प्रेम मात्र काउंटरवर. पैसे काढायची स्लिप ते घरूनच भरून नेतात. अक्षरी 'पाच हजार फक्त' लिहून झालं की 'फक्त'पासून कडेपर्यंत पट्टीने रेघ, म्हणजे मधे कोणी काही घुसडायला नको. सोबत स्वतःचं पेन. रांगेत कोणी मागितलं तर पेन देतात, टोपण देत नाहीत. घोडं अडतं ते सहीपाशी. बँकेतली नमुना सही त्यांच्या ऐन उमेदीतली, शेवटच्या अक्षराला फर्ड्या शेपटीची. आता हात कापतो, शेपटी मधेच सुटते. काउंटरवरची नवी मुलगी स्क्रीनवर बघते, स्लिपवर बघते, पुन्हा स्क्रीनवर बघते आणि म्हणते, "काका, सही जुळत नाही." मग अण्णा बाकावर बसून विजेच्या बिलाच्या पाठीवर स्वतःच्याच सहीचा सराव करतात. मी हे पाहिलंय. परीक्षेला बसलेल्या मुलाच्या तोंडावरसुद्धा इतकी काळजी नसते.

त्यात दहा तारखेचं सोवळं. दहा तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत अण्णा खात्याला हात लावत नाहीत. पूर्वी बँका दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज देत. अकरा तारखेला काढले, की त्या रकमेचं महिन्याचं व्याज गेलं. १ एप्रिल २०१० पासून बँकांत रोजच्या शिलकीवर व्याज मोजतात, हे मी सांगितलं. "आणि पोस्टात?" अण्णांनी विचारलं. पोस्टाच्या बचत खात्याला अजून दहा तारखेचाच नियम आहे. मी गप्प बसलो. पोस्टाचा नियम बँकेला लावण्यात काय तोटा, असा त्यांचा सवाल, आणि तोटा खरंच काही नाही. फक्त एवढंच की काढायला उरले महिन्याचे पहिले दहा दिवस. त्यातले पहिले तीन पेन्शनच्या गर्दीचे. एखादा रविवार, कधी दुसरा शनिवार. एक संकष्टी. म्हणजे चोवीस तास हाताशी असलेला हा पैसा महिन्यातून साधारण चार दिवस भेटतो.

हे वेड आलं कुठून, त्याला कारण आहे, आणि तिथे हसायला मन होत नाही. अण्णांचे पैसे एकदा एका सहकारी बँकेत अडकले होते. सकाळी गेले तर शटर अर्धं खाली, दारावर कागद आणि कागदासमोर ओळखीची सगळी माणसं. आपल्याकडे हा अनुभव पुष्कळांच्या गाठीला आहे. २३ सप्टेंबर २०१९ ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा ठेवीदाराला सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढायची मुभा होती. तीन दिवसांनी दहा हजार झाले, मग पंचवीस, चाळीस, पन्नास आणि एक लाखापर्यंत यायला २०२०चा जून उजाडला. पासबुकात लाखो आणि खिशात हजार, अशी ती परिस्थिती. ठेवींचा विमा तोपर्यंत एक लाखाचा होता. ४ फेब्रुवारी २०२० ला तो पाच लाख झाला आणि पुढच्या वर्षी कायदा बदलून, बँकेवर निर्बंध आले तर ही रक्कम नव्वद दिवसांत द्यायची असं ठरलं.

अण्णांनी हे वाचलं आणि पैसे चार बँकांत वाटले. प्रत्येकीत चार लाख नव्वद हजार. पाच लाख का नाही? कारण पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. हा बारकावा मला त्यांच्यामुळे कळला. चार पासबुकं, चार रबरबँड, चार बँकांची चार कार्डं. प्रत्येक कार्डाचा पिन वेगळा आणि तो कुठे लिहून ठेवलाय हे फक्त त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना माहीत.

काकूंचं स्वतःचं धोरण निराळं. ते उघडकीला आलं २०१६च्या नोव्हेंबरात. आठवड्याला चोवीस हजारांच्या वर बँकेतून निघत नव्हते आणि अण्णा रांगेत उभे राहून स्टुलावर बसायची कला शिकत होते. तेव्हा काकूंनी तुरीच्या डाळीचा डबा ओट्यावर उपडा केला. पाचशेच्या नोटा डाळीतून निघाल्या. आपल्याच स्वयंपाकघरात फॉर्म, सही, ओळखपत्र यांतलं काही न मागणारी शाखा वर्षानुवर्षं चालू होती, हे कळून अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. नोटा बाद झाल्याचं दुःख त्यांना कमी होतं.

अलीकडे अण्णांना भाच्याने यूपीआय शिकवलंय. त्याची चाचणी माझ्यावर होते. फोन टिंग करतो, एक रुपया जमा. लगेच वरच्या गॅलरीतून हाक, "आला का?" "आला." "किती वेळ लागला?" मग तो रुपया परत पाठवायचा. दिवसाला एक लाखापर्यंत पाठवता येतात म्हटल्यावर मी जरा आशेने बघायला लागलो होतो, पण गाडी रुपयाच्या पुढे सरकली नाही. त्याच भाच्याने लिक्विड फंड सुचवून पाहिला. पन्नास हजार किंवा नव्वद टक्के, यांतली जी रक्कम कमी ती लगेच खात्यात, बाकीची पुढच्या कामाच्या दिवशी. "लक्ष्मीपूजनाला मिळतील?" एवढंच अण्णांनी विचारलं. भाचा अजून शिकतोय.

गेल्या मे महिन्यात त्यांचा फ्रिज बंद पडला. कॉम्प्रेसर गेला, दुरुस्तीला निम्मी किंमत. काकूंनी नवा घ्यायचं ठरवलं आणि दुकानात मलाही नेलं. अठ्ठावीस हजारांचा फ्रिज, अण्णांच्या खिशात फोन, फोनमध्ये चार बँका. दुकानदाराने क्यूआर कोड पुढे सरकवला. दहा सेकंदांचं काम. अण्णा त्या चौकोनाकडे बघत राहिले. घाम पुसला. मग आतल्या आवाजात दुकानदाराला विचारलं, "हप्त्यावर मिळेल?"

मी बाहेर आल्यावर विचारलं, "अण्णा, एवढे पैसे असताना हप्ते?"

"अरे, अडीअडचणीसाठी ठेवलेत ते."

"फ्रिज बंद पडला, ही अडचण नाही?"

"ही अडचण आहे," अण्णा म्हणाले, "पण मोठी अडचण आली आणि तेव्हा अठ्ठावीस हजार कमी पडले तर?"

मोठी अडचणसुद्धा येऊन गेली. काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. त्या वेळी अण्णांनी मेहुण्याकडून उसने घेतले. मेहुण्याने त्यासाठी ठेव मोडली.

परवा त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात, हे वाचून ते नॉमिनीचा फॉर्म घ्यायला निघाले होते. काउंटरवर तीच सहीवाली मुलगी. अण्णांनी विचारलं, "माझ्यानंतर हिला पैसे किती दिवसांत मिळतील?"

"कागदपत्रं पूर्ण दिलीत की पंधरा दिवसांत, काका."

अण्णांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे तेरावा उधारीवर?"

त्या मुलीला हसू आवरेना. सावरून ती म्हणाली, "मग काकूंचं नाव खात्याला जोडा ना. आयदर ऑर सर्व्हायव्हर. थांबायलाच नको. दोघांपैकी कोणीही कधीही काढू शकतं."

"कोणीही?"

"हो."

"कधीही? म्हणजे मी असतानासुद्धा?"

"हो काका. काकूंना वेगळं कार्ड मिळेल, मोबाइलवरूनही काढता येतील. लगेच."

अण्णांनी फॉर्मची नीट घडी केली, पिशवीत ठेवली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "दहा तारीख होऊन जाऊ दे. मग बघतो."