आठवड्याभराचे उद्धारकर्ते

सुट्टी लागली की अमेरिकेतल्या चर्चची पोरं एकाच रंगाचे टी-शर्ट घालून सेवा आणि धर्मप्रसार करायला हैतीला निघत. तिथले बहुसंख्य लोक आधीच ख्रिस्ती. पण उत्साहापुढे शिरगणती काय करणार! शाळेची भिंत रंगवायची, दिसेल ते पोर कडेवर घेऊन फोटो काढायचा. गावचा रंगारी हातावर हात ठेवून बघत बसलेला. (विमानाच्या एका तिकिटात त्याने अख्खी शाळा रंगवली असती, तीही ओघळ न येऊ देता.) जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर तर १० अमेरिकी बाप्टिस्ट ३३ ‘अनाथ’ मुलांना बसमध्ये घालून डॉमिनिकन रिपब्लिककडे निघाले. कागदपत्रं नव्हती, म्हणून सीमेवर अडवले गेले. त्यातल्या बऱ्याच मुलांचे आईबाप जिवंत होते.