पंचवटीतले कारभारी

पोटासाठी मुंबईस जावयाचे आणि निजावयास मात्र नाशिकासच परतावयाचे, असा दुहेरी संसार ज्या शेकडो स्त्रीपुरुषांनी वर्षानुवर्षे पत्करला आहे, त्यांच्या आयुष्यात पंचवटी एक्स्प्रेसचे स्थान वाहनाचे नसून वस्तीचे आहे. 1975 साली सुरू झालेली ही गाडी सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडते व अकराच्या आत बोरीबंदर गाठते. आणि या साडेतीन-पावणेचार तासांच्या वस्तीत सोयरिकी जुळतात, निवृत्तांना नारळ मिळतो, संक्रांतीस तिळगूळ वाटला जातो, दसऱ्यास डब्याला झेंडूचे तोरण चढते. वस्ती म्हटली की कुरबूर आली, कुरबूर आली की नियम आले. पासधारकांनी आपल्या सी-3 डब्यास 'आदर्श कोच' असे नाव देऊन स्वतःपुरती एक आचारसंहिता ठरविली, पत्ते कुटावयाचे नाहीत, मोठ्याने बोलावयाचे नाही, भ्रमणध्वनी मुका ठेवावयाचा, केरकचरा पायाखाली टाकावयाचा नाही, आणि तिची वार्ता पुढे लिम्का बुकापर्यंत पोहोचली, ही हकीकत रामकुंड व काळाराम दाखवून झाल्यावर पाहुण्यास सांगितल्यावाचून खऱ्या नाशिककरास चैन पडत नाही.

परंतु नियम फलकावर लिहावयास एक खडू पुरतो; ते मोडणाऱ्यास तसे तोंडावर सांगावयाचे म्हणजे काय लागते, याचा विचार आचारसंहितेत नसतो. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 145 व्या कलमाने दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यास अथवा सहप्रवाशांस उपद्रव देणाऱ्यास गाडीतून उतरविण्याचा अधिकार दिला आहे खरा, पण तो रेल्वेच्या नोकरास. शेजारच्या पासधारकास नव्हे. त्याच्यापाशी ना शिपाई, ना शिक्का, ना दंडाची पावती. आणि ज्यास चार शब्द सुनवावयाचे तो गृहस्थ उद्या सकाळी पुन्हा गुडघ्यास गुडघा लावून समोर बसणार, कदाचित आपल्याच डब्यातली मेथीची भाजी मागून घेणार, ही धास्ती निराळीच. या अडचणीतून पासधारकांच्या समाजात एक स्वतंत्र प्रकारचा मनुष्य जन्मास आला असून, मोजून प्रत्येक डब्यास एक याप्रमाणे परमेश्वराने त्याची वाटणी केली असावी. आमच्या डब्यातील अशा गृहस्थांस सर्वजण 'कारभारी' म्हणतात. डबा कोणता, हे मी सांगत नाही. सांगितल्यास त्यांच्याकडून खासगीत समज मिळण्याचा संभव आहे.

कारभारी फोर्टातील एका सरकारी कचेरीत अधीक्षक आहेत. बांधा किरकोळ, सदरा पांढरा, खिशास दोन लेखण्या, एक निळ्या शाईची व एक हिरव्या शाईची. हिरवी शाई वापरण्याचा त्यांस अधिकार नसल्याने ती लेखणी केवळ खिशाच्या शोभेस असते. खिडकीपासून दुसरी जागा ही त्यांची वहिवाट. सूक्ष्म निरीक्षणान्ती असे आढळते की खिडकीत बसणारा मनुष्य बाहेर पाहतो व मार्गिकेकडे बसणाऱ्याचे पाय तुडविले जातात. उभा डबा स्वस्थपणे न्याहाळावयास मधली जागाच योग्य. निवडणूक त्यांनी कधी लढविली नाही, नेमणूक कोणी केली नाही, तरी एखाद्या नवागताने बाकावर पाय पसरले की डब्यातील साऱ्या माना त्यांच्याकडे वळतात.

हा अधिकार त्यांना कोठून प्राप्त झाला, याचे माझ्यापुरते उत्तर असे की, ताकीद देण्याची कला ते ताकीद घेऊन घेऊन शिकले आहेत. गाडीस कल्याणच्या पुढे लाल दिवा लागणे हा निसर्गक्रम असल्यामुळे कारभारी कचेरीत वेळेवर पोहोचले असा दिवस विरळा, आणि त्यामुळे गेली कित्येक वर्षे महिन्याकाठी एक याप्रमाणे त्यांस लेखी अथवा तोंडी समज मिळत आली आहे. सात साहेब त्यांच्यावरून गेले. कोणी हजेरीपट उचलून साऱ्या शाखेसमोर नाचविला, कोणी कारणे दाखवा नोटीस बजावली, कोणी कपाळास नुसती आठी घातली. या अनुभवाचा अर्क त्यांनी एका वाक्यात काढला असून ते वाक्य ते शिस्त व अपील नियम, 1979 यांच्या हवाल्याने उच्चारतात: "ताकीद ही शिक्षा नव्हे." नियमांतील किरकोळ शिक्षांची यादी ठपक्यापासून सुरू होते, ताकीद तीत नाही, सबब जी ताकीद ऐकणाऱ्यास शिक्षेसारखी लागली ती देणाऱ्याने अधिकाराबाहेर जाऊन दिली, असा त्यांचा निकाल आहे. अशा अधिकारबाह्य ताकिदी देणाऱ्या साहेबांच्या कारकिर्दीत आपण आणखी दहा मिनिटे उशिरा जात असू, हेही ते मोकळेपणाने कबूल करतात.

त्यांची कार्यपद्धती सावकाश पाहण्याजोगी आहे. पहिला अपराध ते अज्ञान समजतात व त्याकडे दुर्लक्ष करतात, परंतु ते अपराध्याच्या लक्षात येईल अशा बेताने. दुसऱ्या वेळी ते चष्मा काढून पुसतात. तिसऱ्या वेळी मात्र उठून त्याच्या शेजारी जाऊन बसतात, आणि हे बसणे गाडी वेगात असतानाच घडते. कारण चाकांच्या खडखडाटात दोन माणसांचे बोलणे तिसऱ्यास ऐकू जात नाही. संध्याकाळच्या परतीच्या गाडीस घाट चढविण्यासाठी कसाऱ्यास मागून इंजिने जोडतात, त्या थांब्यात डबा असा निःशब्द होतो की कुजबूज चार बाकांवर पोहोचते. त्या वेळात कारभाऱ्यांनी कोणास ताकीद दिल्याचे उदाहरण नाही. उलट सकाळी इगतपुरी सोडून गाडी थळघाट उतरू लागली आणि बोगद्यांमागून बोगदे येऊ लागले, की भ्रमणध्वनीवर गर्जना करणाऱ्या गृहस्थाचा आवाज आपोआप तुटतो, तो 'हॅलो, हॅलो' म्हणून त्या मुक्या यंत्राकडे दीनपणे पाहू लागतो, आणि नेमक्या त्या क्षणी, म्हणजे त्याचे कान रिकामे असताना, कारभारी त्याच्याकडे झुकतात. 1865 साली हा घाट रेल्वेस खुला करणाऱ्या इंग्रज अभियंत्यांनी 37 फुटांस 1 फूट हा उतार राखताना या सोयीचा विचार केला नसावा.

लासलगावास चढणाऱ्या एका कांद्याच्या व्यापाऱ्यांची गोष्ट डब्यात अजून सांगितली जाते. शेठजी आठवड्यातून तीन दिवस वाशीच्या बाजारास जात, आणि निफाडपासून आपल्या आडत्याशी अशा स्वरात व्यवहार करीत की मध्ये यंत्राची आवश्यकता नव्हती. आज किती गाड्या निघाल्या, उन्हाळ कांदा काय दराने उचलला, कोणास काय सांगावयाचे, हे सारे उभ्या डब्यास तोंडपाठ होते. दोघा-तिघांनी फलकाकडे बोट दाखविले. शेठजींनी फलकाकडे पाहिले व फलकास वाचून दाखवावे तितक्या मोठ्याने पुन्हा दर सांगितला. चष्मा पुसून झाला होता. पहिला बोगदा येताच कारभारी शेजारी जाऊन बसले आणि अत्यंत आपुलकीने म्हणाले, "शेठ, एक विनंती होती. तुमचा भाव फुटतोय. मागच्या बाकावरचे ते निळ्या सदऱ्याचे गृहस्थ परवापासून वहीत काहीतरी टिपून घेतात." निळ्या सदऱ्याचे गृहस्थ शाळामास्तर होते व उत्तरपत्रिकांचे गुण मांडीत होते. त्या दिवसापासून शेठजी मुखापुढे रुमाल धरून, मंत्रोपदेश करावा तशा स्वरात बोलू लागले; आणि पुढे हंगामात त्यांनी कारभाऱ्यांस अर्धे पोते उत्तम कांदा पाठविला, तो त्यांनी डब्यात वाटून टाकला.

यात कारभाऱ्यांनी असत्य भाषण केले की नाही, याविषयी आमच्यात दोन पक्ष आहेत. गृहस्थ टिपत होते हे खरे, काय टिपत होते याचे प्रतिपादन कारभाऱ्यांनी केले नव्हते, असे त्यांच्या पक्षाचे म्हणणे. मास्तरांचे म्हणणे निराळे असून ते अद्याप निळा सदरा घालीत नाहीत. मला स्वतःला ही युक्ती पसंत नाही. मनुष्यास त्याच्या लोभाच्या दाराने नियमात आणले म्हणजे लोभ गेला की नियमही जातो, असे माझे मत आहे. परंतु गाडीतील शांततेत बसूनच मी ते बनविले, हेही नमूद केले पाहिजे.

या पद्धतीची खरी किंमत कळली ती कारभाऱ्यांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा. त्यांच्या रजेच्या मुदतीत एका तरुण पासधारकाने कार्यभार आपण होऊन स्वीकारला. बुद्धी तीक्ष्ण, हेतू निर्मळ, आवाज व्यासपीठाचा. पहिल्याच दिवशी शेंगांची टरफले खाली टाकणाऱ्या एका वृद्धास त्याने उभा राहून आचारसंहिता आरंभापासून वाचून दाखविली, मागील आठवड्यातील त्याच्या दोन अपराधांची तारीखवार याद दिली, आणि 'तुमच्यासारख्या लोकांमुळेच' या दोन शब्दांनी समारोप केला. टरफलांचा प्रश्न तेथे संपला आणि वृद्धाच्या तेहेतीस वर्षांच्या सेवेचा प्रश्न उपस्थित झाला. मग पंचवटीतले व नाशिकरोडचे असे तट पडले, मग कोणी कोणास 'अरे' म्हटले, आणि ठाण्यापर्यंत डब्यात जो कोलाहल माजला त्यात दोघांनी मागच्या बाजूस मेंढीकोटाचा एक संपूर्ण डाव निर्वेधपणे उरकून घेतला. टरफले होती तेथेच राहिली. कारभारी परत आल्यावर त्यांनी तरुणास एक शब्द विचारला नाही. वृद्धाशेजारी बसून त्यांच्याच पुडीतल्या शेंगा मागून घेतल्या आणि टरफले आपल्या खिशात घालू लागले. तिसऱ्या टरफलास म्हाताऱ्याने पिशवी पुढे केली.

तरी त्यांच्याही कलेस सीमा होत्या. टाळ घेऊन चढणाऱ्या भजनी मंडळींस ते काही बोलू शकले नाहीत. दोन अभंग हात जोडून ऐकले, आणि तिसऱ्याच्या आरंभी पलीकडच्या डब्यात श्रोते पुष्कळ व जागा ऐसपैस असल्याचे बुवांच्या कानी घातले, एवढेच.

खरी कसोटी लागली ती एका सोमवारी. नाशिकास सासुरवाडी असलेले, कारभाऱ्यांच्याच खात्यातील एक अतिवरिष्ठ अधिकारी मोटार नादुरुस्त झाल्यामुळे आमच्या डब्यात अवतीर्ण झाले, आणि देवळालीपासून त्यांचा जो दूरध्वनी सुरू झाला तो घोटी आली तरी थांबेना. माना वळल्या. कारभाऱ्यांनी चष्मा पुसला. साहेबांनी त्यांना ओळखलेही नाही. शेजारी जाऊन बसणे सेवाशिष्टाचारात बसत नव्हते, बोगद्यावर विसंबावे तर साहेबांपाशी तीन निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे होती. आम्ही सारे श्वास रोखून पाहत असता कारभाऱ्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला, डावीकडे समास सोडला, आणि निळ्या शाईने टिपण लिहिले: "सदर डब्यात भ्रमणध्वनीवर उच्च स्वरात संभाषण करण्याचा प्रघात नाही, ही बाब नम्रपणे निदर्शनास आणण्यात येत आहे. अवलोकनार्थ व आदेशार्थ सादर." खाली सही, तारीख, आणि कागद पाठपुठ्ठ्यास लावून त्यांनी तो साहेबांपुढे उजव्या बाजूने, कचेरीत धरतात तसा, धरला.

तीस वर्षांची सवय ती. साहेबांनी बोलणे न थांबविता हात पुढे केला, कारभाऱ्यांच्या खिशातील हिरवी लेखणी उपसली, मजकुरावरून नजर फिरविली, समासात 'चर्चा करावी' असा शेरा मारून आद्याक्षरी केली, आणि कागद परत देऊन ते बोलतच राहिले. इगतपुरीस चहा आला तेव्हा, घोट घेता घेता, आपण कशावर सही केली हे त्यांच्या ध्यानात आले असावे. कारण त्यांनी एकवार कारभाऱ्यांकडे पाहिले, तिन्ही यंत्रे बंद करून पेटीत ठेवली, आणि कल्याणपर्यंत झोपेचे सोंग घेतले.

चर्चा काही झाली नाही. कारभाऱ्यांनी कचेरीत दोनदा वेळ मागितली, साहेबांच्या स्वीय सहायकाने विषय विचारला, आणि विषय सांगताच वेळ नाकारली. प्रकरण त्यामुळे अद्याप प्रलंबित आहे. टिपण त्यांच्या घरी, कायम जतन करावयाच्या 'अ' वर्गाच्या कागदांत, लग्नपत्रिका व घराच्या खरेदीखताच्या मध्ये ठेवलेले असून, मागितल्यास ते दाखवितात, पण हातात देत नाहीत.