दोन चौरस फुटांचा बागायतदार

जालन्यात हा माणूस उन्हाळ्यात ओळखू येतो. सगळी गल्ली "नळ आला का?" विचारत असते, तेव्हा याला वेगळीच काळजी असते : पाण्यात कार्बन डायऑक्साइड पुरेसा आहे ना? वय चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं. नोकरी बँकेत, शाळेत किंवा एखाद्या बियाणे कंपनीच्या हिशेब खात्यात. मूळ गाव घनसावंगी नाहीतर परतूर तालुक्यात, आणि तिथलं चार एकर रान बटईनं दिलेलं. त्या रानातली काळी कसदार माती पायाला लागून त्याला बरीच वर्षं झाली. आता तो काळी माती कुरिअरनं मागवतो. जपानी, भाजून गोळ्या केलेली, किलोच्या भावाची.

ही माती जाते दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद. म्हणजे लागवडीखालचं क्षेत्र दोन चौरस फूट, गुंठ्याचा साधारण साडेपाचशेवा हिस्सा. या क्षेत्रात त्याला पाण्याखाली हिरवळ अंथरायची आहे. काचेपासून काचेपर्यंत, मधे मातीचा ठिपका न दिसणारी.

पाहुणा आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मासे कुठायत?"

"मासे नंतर," हा म्हणतो. हे 'नंतर' दिवाळीनंतर की निवडणुकीनंतर, ते विचारायचं नसतं. मासे पाळणाऱ्यांना तो मनातून हलके लेखतो. मासा काय, दाणे टाकले की कुणीही जगवतो.

या पंथाचे आद्यगुरू ताकाशी आमानो (1954–2015). जपानमधल्या नीगाताचे. आधी व्यावसायिक सायकलपटू, मग निसर्गाचे छायाचित्रकार, आणि मग काचेच्या टाकीत डोंगरदऱ्या उभ्या करणारे. पाण्यावर तरंगणाऱ्या रिसिया नावाच्या वनस्पतीला त्यांनी दगडांना बांधून तळाशी बसवलं आणि तिचं कुरण केलं. आपला गृहस्थ आमानोंचं नाव घेताना आवाज खाली आणतो. त्यांचा फोटो देवघरात नाही तो केवळ बायकोमुळे.

लागवडीची सुरुवात कोरडवाहू पद्धतीनं होते. माती नुसती ओली करायची, रोपं लावायची, वरून प्लास्टिकची पातळ फिल्म ताणायची आणि महिना-दीड महिना टाकीत पाणी घालायचंच नाही. मुळं धरली की मग टाकी भरायची. जगभर ही पद्धत शास्त्रीय मानतात. जालन्यात मात्र बिनपाण्याची टाकी बघून शेजारच्या काकू कळवळून म्हणतात, "तुमच्याकडं पण नाही का हो आलं पाणी? थोडं आमच्या हौदातलं नेता का?"

लागवड टोकण पद्धतीची. 'क्यूबा' नावाची एक वनस्पती, तिची पानं मोहरीएवढी. तिच्या जुडीचे बारीक झुबके करायचे आणि लांब चिमट्यानं इंचा-इंचावर रोवायचे. हिशेबानं दोनशे अठ्ठ्याऐंशी झुबके होतात. ते लावताना घरात पंखा बंद, बोलणं बंद, शिंकायला परवानगी नाही. दुसऱ्या दिवशी त्यातले काही उपटून आडवे पडलेले असतात. मग नांग्या भरायच्या.

अशाच एका नांग्या भरण्याच्या सकाळी गावाकडून आबा येतात. धोतर सावरत टाकीपुढं बसतात आणि बराच वेळ बघतात.

"काय पेरलं रं?"

"गवत आहे, आबा."

"गवत?" आबांनी उभ्या जन्मात गवत उपटलं, लावलं कधीच नाही. "आपल्या रानात फुकट निघतं की. सांगितलं असतंस तर भारा आणला असता."

बियाण्याची कथा याहून दुःखद आहे. जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथंच महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा गावात राहून हा गृहस्थ गालिच्याचं बियाणं मोबाइलवरून मागवतो! पाकिटावर हिरवंगार चित्र. बी ओल्या मातीवर टाकलं की चार दिवसांत कोंब. तो फोटो काढतो, पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकतो, अभिनंदन स्वीकारतो. टाकी भरल्यावर काही आठवड्यांत सगळं पीक पिवळं पडून सडतं, कारण ते बी बहुधा भलत्याच झाडाचं असतं, कायम पाण्याखाली जगायला न जन्मलेलं.

आबांना फोनवर कळतं. त्यांचा आवाज एकदम अनुभवी होतो. "बोगस निघालं ना? पिशवी फेकू नको. पावती हाय का? लॉट नंबर बघ. तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडं अर्ज देऊ, पंचनामा करायला लावू."

पंचनामा होत नाही, दुबार पेरणी होते. मधे त्याच्या डोक्यात युट्रिक्युलारिया नावाचं तण शिरतं. तळाशी गवतासारखं पसरणारं आणि बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून खाणारं. कास पठारावर जांभळ्या फुलांची जी सीतेची आसवं बघायला लोक गाड्या भरून जातात, त्यांच्याच गोतातलं हे. किंमत ऐकून बायको म्हणते, "अहो, आसवं विकत कशाला? ती घरची आहेतच."

पाण्याचं प्रकरण तिच्याच अखत्यारीत येतं. नव्या मातीतून अमोनिया सुटतो म्हणून पहिल्या आठवड्यात रोज अर्धं पाणी बदलायचं, असं शास्त्र सांगतं. निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आणि पैठणहून पाइपलाइननं येणारं जायकवाडीचं पाणी, एवढ्यावर ज्या शहराची तहान भागायची, तिथं रोज अर्धी टाकी! बोअरचं पाणी जड, म्हणून झाडांना जारचं पाणी आणि माणसांना बोअरचं. टाकीतून काढलेलं पाणी बायको बादलीत धरून कढीपत्त्याला आणि वांग्याला घालते. खताचं पाणी ते. वांगी अशी लागतात की शेजारी वाटावी लागतात. घरातलं खरं उत्पन्न ते तेवढंच, पण त्याचं श्रेय कुणी घेत नाही.

मग गॅस. आधी बाटलीत साखर आणि यीस्ट घालून गॅस काढायचा प्रयोग होतो. घरभर ताडीचा वास सुटतो आणि घरमालक दार वाजवतात. शेवटी तो एमआयडीसी गाठतो. सळ्यांचे कारखाने असलेल्या गावात वेल्डिंगच्या गॅसला तोटा नाही. सिलिंडर स्कूटरवरून येतो आणि सोफ्यामागं उभा राहतो. टाकीत एक इवलीशी काचेची कुपी लटकते. तिच्यातलं पाणी निळं असलं तर गॅस कमी, हिरवं असलं तर बरोबर, पिवळं झालं तर गॅस जास्त, मासे असते तर वर येऊन तोंडं उघडू लागले असते. हा पाहुण्यांशी बोलतो, पण नजर कुपीवर. भाचीचं लग्न ठरल्याची बातमी त्यानं "हिरवं आहे, हिरवं आहे" असं म्हणत ऐकली होती.

पुढचं सगळं कोणत्याही शेतकऱ्याला पाठ असलेलं. आधी तांबूस शेवाळाचा थर, मग केसासारखं हिरवं शेवाळ, मग काळी दाढी. दिवा जास्त जळला म्हणून, गॅस कमी पडला म्हणून, वीज गेली म्हणून. मेमध्ये जालन्याचा पारा चाळीस ओलांडतो आणि रोपांना हवे असतात बावीस ते सव्वीस अंश. मग टाकीच्या काठावर दोन छोटे पंखे लागतात. पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, आणि वाफ होऊन पातळीनंही उतरतं. सासूबाई हातपंख्यानं वारा घेत ते पंखे बघत बसतात. एकदा मुलगा हट्टानं आणलेला गोल्डफिश टाकीत सोडतो आणि सकाळपर्यंत अर्धं रान उकरलेलं असतं. आबा एका शब्दात निदान करतात : "रोही शिरला."

तरीही एक दिवस जमतं. रोपं आडवी पळतात, कात्री लागली की आणखी दाटतात, मातीचा शेवटचा ठिपका झाकला जातो. दुपारी दिव्याखाली पानापानातून प्राणवायूचे बारीक मोती वर चढायला लागतात. त्या दिवशी तो अर्धी रजा टाकतो, गल्लीला बोलावतो, चहा देतो. लोक मोती बघतात, मान डोलावतात आणि विचारतात, "मासे कुठायत?"

आता छाटणी निघायला लागते. ती फेकवत नाही. संभाजीनगरचा एक दुकानदार ती घ्यायला तयार होतो. ओल्या कागदात गुंडाळून, डब्यात भरून, पॅसेंजरनं माल बाजारात जातो. दुकानदार म्हणतो, सध्या आवक फार आहे, भाव पडलाय. यानं भाडं खर्चून नेलेला माल परत आणायचा कसा? मिळेल त्या भावात देऊन तो घरी येतो आणि पोळ्याला आलेल्या आबांसमोर वही उघडतो. माती, दिवा, गॅस, जार, पंख्याची वीज, दोनदा बियाणं, मजुरी धरलेलीच नाही. एका बाजूला हा खर्च, दुसऱ्या बाजूला तीनशे रुपये.

आबा चष्मा लावून आकडे दोनदा वाचतात. बटईला रान दिल्यापासून पोराकडं त्यांनी इतक्या कौतुकानं पाहिलं नव्हतं.

"आता जमायली तुला शेती," ते म्हणतात. "पुढच्या साली सोसायटीचं कर्ज काढू."